ताण

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बाबांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हा आमच्या बागेला ताण देऊन बारा दिवस झाले होते.

ज्यांच्या घरी बाग नाही त्यांच्यासाठी सांगते. काटोल-नरखेडकडे संत्र्याचा मृग बहार धरायचा असला की एप्रिल सरता सरता झाडांचं पाणी बंद करतात. वरून पंचेचाळीस डिग्रीचं ऊन, खाली भेगाळत चाललेली काळी जमीन. झाडाची वाढ थांबते, पानं मलूल होतात, कडेनं वळतात, पिवळी पडून गळायला लागतात. बाहेरच्या माणसाला वाटतं, बाग गेली. पण याच दिवसांत झाड फांद्यांमधे अन्न साठवून ठेवतं आणि पुढे पाणी मिळालं की त्या साठ्यावर फुलतं. किती पानं गळू द्यायची आणि कोणत्या दिवशी ताण तोडायचा, सगळं कसब तेवढ्यात असतं. लवकर तोडला तर नुसती पालवी येते, फूल येत नाही. उशीर झाला तर फांद्या वाळतात. बाबा पान दोन बोटांत धरून हलकेच मागे वाकवायचे आणि ते देठाशी किती सहज सुटतं ते बघायचे. लहानपणी बागेतला तो पिवळा सडा पाहून मी रडले होते, तर म्हणाले, "काऊन रडतं वो? पानं गयली म्हनून झाड मरत नाई."

त्या सकाळी ते धुऱ्यावर पडलेले सालगड्याला दिसले. वाटेतल्या पहिल्या दवाखान्यात सीटी स्कॅनचं मशीन बंद होतं, आणि ते बंद आहे हे कळायलाच पाऊण तास गेला. नागपूरला धंतोलीत पोचेपर्यंत पाच तास उलटून गेले. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. डॉक्टरांनी हे शांतपणे सांगितलं. मी जीवरसायनशास्त्र शिकवते, मला ते माहीत होतं. माहीत असल्यानं काही सोपं झालं नाही. मेंदूची मोठी रक्तवाहिनी तुंबली की दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, हा आकडा मी वर्गात कितीदा फळ्यावर लिहिला आहे. त्या दिवशी काटोल रोडवर, ट्रकच्या मागे अडकलेल्या गाडीत, मी तो आकडा मिनिटांनी गुणत होते.

सगळ्या पेशी एकाच तऱ्हेनं मरत नाहीत, हे मला त्या रात्री फार जवळून आठवलं. जिथे रक्त पूर्णच तुटलं, त्या गाभ्यातल्या पेशी काही मिनिटांत फुगून फुटतात. त्यांना वाचवायला कोणी पोचू शकत नाही. पण त्या गाभ्याभोवती एक काठ असतो. तिथे थोडं रक्त झिरपत असतं, पेशी जिवंत असतात, पण गप्प झालेल्या. हा काठ कित्येक तास, कधी काही दिवस तळ्यात-मळ्यात असतो. तिथल्या बऱ्याच पेशी फुटून मरत नाहीत. त्या आतून ठरवून, आवरून मरतात. ते आवरण्याचं काम कॅस्पेझ नावाची एन्झाइमं करतात. मी ज्यांच्यावर पोरांना दोन तास शिकवते तीच, आता बाबांच्या डाव्या मेंदूत कामाला लागली होती.

आवरून मरणं म्हणजे काय, ते नीट सांगायला हवं. कॅस्पेझ ही प्रथिनं कापणारी कात्री आहे, पण हाताला येईल ते कापणारी नाही. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. या माळेत ॲस्पार्टिक आम्लाचा मणी आला की त्याच्या लगेच पुढे ती कापते, आणि तेही अलीकडचे तीन-चार मणी ओळखीचे असले तरच. कात्रीचं पातं म्हणजे सिस्टीन या अमिनो आम्लातला गंधकाचा एक अणू. पेशी जिवंत असताना ही कात्री मिटलेल्या अवस्थेत तयारच पडून असते. इशारा मिळाला की उघडते आणि निवडक जागी कापत जाते. पेशीचा सांगाडा सैल होतो. डीएनए कापणाऱ्या एका एन्झाइमला बांधून ठेवणारी दोरी तुटते आणि डीएनएचे सारखे तुकडे पडतात. पेशी आकसते, स्वतःच्या पुड्या बांधते, आणि आवरणाच्या आतल्या बाजूला असणारा एक स्निग्ध रेणू बाहेर दाखवते. ती खूण पाहून शेजारच्या पेशी तिला गिळून टाकतात. बाहेर काही सांडत नाही, सूज येत नाही. निरोगी माणसाच्या शरीरात रोज ५० ते ७० अब्ज पेशी अशा जातात, आणि माणसाला पत्ताही लागत नाही.

या मरणाला १९७२ साली नाव मिळालं. कर, वायली आणि करी या तिघांनी ॲबर्डीनमधे काम करताना तो शोधनिबंध लिहिला, आणि तिथल्या ग्रीकच्या प्राध्यापकांनी, जेम्स कॉरमॅक यांनी, त्यांना शब्द सुचवला: ॲपॉप्टोसिस. झाडावरून पान गळणं, फुलाची पाकळी गळणं, यासाठीचा जुना ग्रीक शब्द. मी एम.एस्सी.ला पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा वसतिगृहाच्या गच्चीत जाऊन बसले होते. बाबांच्या बागेतली पानगळ थेट माझ्या पुस्तकात आली होती.

मात्र एक गोष्ट मी वर्गात बजावून सांगते. शब्द झाडावरून घेतला असला तरी झाडांकडे कॅस्पेझ नसतात. त्यांच्याकडे दूरच्या नात्यातली, मेटाकॅस्पेझ म्हणतात ती एन्झाइमं असतात आणि त्यांची कापण्याची जागाही वेगळी. पान गळतं ते देठाशी पेशींचा एक थर सैल होऊन. त्यामुळे संत्र्याचं पान आणि बाबांची चेतापेशी एकच, असं मी म्हणणार नाही. दवाखान्यातल्या त्या रात्रींमधे हा मोह फार वेळा झाला.

तिसऱ्या रात्री झोप येईना म्हणून लॅपटॉप उघडला. कूलरचा घर्रघर्र आवाज, शेजारच्या खाटेवरच्या आजींचं कण्हणं. प्रोटीन डेटा बँक, म्हणजे प्रथिनांच्या रचनांचा संग्रह, १९७१ पासून सुरू आहे आणि जगातल्या कुणालाही फुकट आहे. तिच्यात मी चार अक्षरी क्रमांक टाकला आणि माझ्या जुन्या ओळखीची रचना पडद्यावर आली. कॅस्पेझ-२, आणि त्याला बिलगून बसलेलं, माणसानं घडवलेलं एक रोधक प्रथिन. झुरिच विद्यापीठात ग्रूटर आणि प्ल्यूकथून यांच्या गटांनी मिळून २००७ साली ही रचना प्रसिद्ध केली.

चित्रात एन्झाइमच्या मधोमध बारा पट्ट्यांची एक पिळलेली चटई दिसते. तिच्या वरखाली मळसूत्रं, म्हणजे प्रथिनाच्या माळेचे पीळ. नीट पाहिलं तर ती दोन सारख्या अर्ध्या भागांची आहे, हात जोडल्यासारखी. कॅस्पेझ-२ मधे हे दोन भाग मधोमध गंधकाच्या एका टाक्यानं शिवलेले असतात. दोन टोकांना दोन तोंडं, म्हणजे कापण्याच्या जागा, आणि प्रत्येक तोंडाभोवती चार सैल वेटोळी. एन्झाइमचं सगळं काम या वेटोळ्यांच्या बैठकीवर असतं. ती नीट बसली तर कात्री चालते, नाहीतर पातं शाबूत असूनही काही कापलं जात नाही.

ही रचना प्रथिनाच्या स्फटिकावर क्ष-किरण टाकून, तीन अँगस्ट्रॉमपेक्षा थोड्या जाडसर नजरेनं दिसलेली आहे. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. एवढ्या नजरेत पट्ट्या, मळसूत्रं, वेटोळ्यांची वळणं कळतात, पण पाण्याचे सुटे रेणू नीट दिसत नाहीत. डिसेंबरच्या पहाटे अंबाझरीच्या बांधावरून पलीकडची झाडं दिसतात ना, तसं. झाड कोणतं ते कळतं, पानं मोजता येत नाहीत. मला अशा रचनांबद्दल अधिक आदर वाटतो, कारण हट्टी स्फटिकातून तेवढं काढायलाही किती घाम गाळावा लागतो ते मी केलेलं आहे.

पीएच.डी.ची साडेचार वर्षं मी एका प्रथिनाचे स्फटिक धरत होते. काचेच्या गोल चकतीवर प्रथिनाचा एक मायक्रोलिटरचा थेंब, त्यात तेवढंच क्षारांचं द्रावण. मग चकती उलटी करून त्याच द्रावणानं भरलेल्या छोट्या विहिरीवर ठेवायची आणि काठाला ग्रीस लावून हवा बंद करायची. थेंब वर लटकलेला. खालचं द्रावण दाट, म्हणून थेंबातलं पाणी वाफेनं खाली ओढलं जातं, थेंब दिवसादिवसानं आटतो, आणि प्रथिनाचे रेणू नाइलाजानं एकमेकांशेजारी येतात. पाणी घाईनं गेलं तर नुसता तपकिरी गाळ. गेलंच नाही तर थेंब स्वच्छ राहतो, महिनोन्‌महिने. या दोहोंच्या मधे कुठेतरी ते रेणू ओळीत उभे राहतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली एखादी धारदार कड चमकते. माझे गुरू याला 'सुपरसॅच्युरेशन' म्हणायचे. मी मनात ताणच म्हणायचे. एकदा बाबांना फोनवर हे सांगितलं तर त्यांना पटकन समजलं. म्हणाले, "मंग पानी किती तोडाचं ते तुले कोन सांगते?" कोणी सांगत नाही, शेकडो थेंब लावून बघायचं, असं मी म्हटलं. "आमचंई तसंच हाय."

मला एकदा स्फटिक मिळाले. सुईसारखे, पण मिळाले. चांगल्या प्रथिनाच्या स्फटिकात निम्म्याच्या आसपास पाणीच असतं, सुईच्या टोकानं दाबला तर तो कुस्करतो. खडीसाखरेसारखा कडक असला तर समजायचं की हे मीठ आहे. माझे कुस्करले, आणि मी आनंदानं ओरडले. पुढच्याच आठवड्यात, भर मेमधे, रात्री लाईन गेली, जनरेटर चालू झालं नाही, आणि अठरा अंशांवर ठेवलेली खोली सकाळी भट्टी झाली होती. सगळे थेंब स्वच्छ. तसे स्फटिक पुन्हा आले नाहीत. माझा प्रबंध त्या रचनेशिवाय पूर्ण झाला. म्हणून दुसऱ्यांची रचना पडद्यावर फिरवताना मला तिच्यामागच्या रात्री दिसतात.

आता त्या बिलगलेल्या प्रथिनाबद्दल, कारण मला खरं सांगायचंय ते त्याच्याबद्दल.

माणसात डझनभर कॅस्पेझ आहेत. सगळी ॲस्पार्टिक आम्लापाशीच कापतात, म्हणून सगळ्यांची तोंडं एकमेकांसारखी. तोंडात अडकेल असा छोटा रेणू बनवला तर तो एकाला रोखता रोखता चार जणांना रोखतो. आणि प्रत्येकाचं काम वेगळं आहे. कॅस्पेझ-२ चं नेमकं काम काय यावर तर अजून वाद चालू आहेत, सापडून तीस वर्षं झाली तरी. एक गोष्ट १९९८ साली दिसली: हे एन्झाइम नसलेल्या उंदरांच्या माद्यांच्या अंडाशयात अंडपेशी जास्त उरतात. हे वाचून मी बराच वेळ थांबले होते. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या अंडाशयांत साठ-सत्तर लाख बीजपेशी असतात. जन्मताना दहा-वीस लाख उरतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख. बाकीच्या गळून जातात. एवढी मोठी पानगळ माझ्या जन्माआधीच माझ्यात होऊन गेली होती, माझ्या लेकीतही झाली.

तर झुरिचच्या लोकांनी छोट्या रेणूचा नाद सोडून अँकिरिन नावाच्या प्रथिनांच्या घडणीकडे पाहिलं. ३३ अमिनो आम्लांचा एक तुकडा, दोन मळसूत्रं आणि एक वळण, असे तुकडे विटांसारखे एकावर एक रचलेले. निसर्गात हे प्रथिन सगळीकडे आहे आणि त्याचं काम एकच: दुसऱ्या प्रथिनाला धरून बसणं. प्रत्येक विटेतल्या ३३ पैकी ७ जागा त्यांनी मोकळ्या ठेवल्या आणि तिथे वेगवेगळी अमिनो आम्लं बसवून अब्जावधी वाण तयार केले. या वाणांना डार्पिन म्हणतात. मग ते सगळे कॅस्पेझ-२ समोर सोडायचे, जे धरतील ते ठेवायचे, बाकीचे धुऊन टाकायचे, पुन्हा तेच. निवडण्याची रीत मला फार सुंदर वाटते. प्रथिन बनवणाऱ्या रायबोझोमला जो आराखडा देतात, त्याच्या शेवटी 'थांब' हा संकेतच ठेवत नाहीत. वाक्याला पूर्णविराम नाही, म्हणून वाचणारा तिथेच खोळंबतो, हातात एकीकडे आराखडा आणि दुसरीकडे तयार प्रथिन. प्रथिनानं शत्रूला धरलं की त्याचा आराखडाही आपोआप हाती लागतो.

या चाळणीतून जो डार्पिन निघाला तो कॅस्पेझ-२ ला इतका घट्ट धरतो की नॅनोमोलरहूनही कमी, म्हणजे अगदी नगण्य मात्रेत काम होतं, आणि इतर कॅस्पेझना तो हात लावत नाही. स्फटिकात दिसलं की तो तोंडात बसलेलाच नाही. तो बाजूला पृष्ठभागावर बसतो आणि तिथून वेटोळ्यांची बैठक मोडतो. पुढे २०१३ मधे त्याच गटांनी कॅस्पेझ-३ साठी निवडलेला डार्पिन मात्र थेट तोंडात बसतो, आणि शरीरातलं एक्स-आय-ए-पी हे नैसर्गिक रोधक प्रथिन जसं अडवतं त्याच ढंगानं अडवतो. चाळणीनं आंधळेपणानं निवडलेलं आणि उत्क्रांतीनं घडवलेलं, दोघं एकाच जागी पोचली. कॅस्पेझ-२ वाल्याला मात्र वेगळी जागा सापडली. तोंड सगळ्यांचं सारखं असतं, पण कुशी ज्याची त्याची असते. एखाद्याला रोखायचं तर त्याला इतरांपासून वेगळं करणारी जागा शोधावी लागते, आणि ती जागा त्याला पूर्ण ओळखल्याशिवाय सापडत नाही.

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीनं विचारलं होतं, "मॅडम, हे बंद करता येतं तर कायमचं बंदच का नाही करत?" मी तिला बीसीएल-२ ची गोष्ट सांगितली. १९८८ साली मेलबर्नमधे व्हॉक्स, कोरी आणि ॲडम्स यांनी दाखवलं की हे जनुक पेशींना वाढायला लावत नाही, फक्त मरू देत नाही. आणि लसिका पेशींच्या एका कर्करोगाची सुरुवात तेवढ्यावर होते. तिनं वहीत लिहून घेतलं. पण चौथ्या दिवशी पहाटे, बाबांचा उजवा हात उशीसारखा पडलेला बघताना, मला तिचा प्रश्न बरोबर वाटत होता. त्या काठावर, तीनच दिवस, कोणीतरी त्या कात्र्या मिटून धराव्यात, एवढंच मागत होते मी. असं औषध पक्षाघातावर आज नाही. डार्पिन तर पेशीच्या आवरणातून आपणहून आत जाऊही शकत नाही. तो परीक्षानळीत काम करतो, स्फटिकात चमकतो, आणि प्रयोगशाळेत या एका एन्झाइमचं काम उलगडायला उपयोगी पडतो. मी लॅपटॉप मिटला तेव्हा मला त्याचा राग आला नव्हता. ओळख तर पटली आहे, पोचायची वाट अजून व्हायची आहे.

त्याच सकाळी सालगड्याचा फोन आला. "ताई, झाडं लयच सुकून राह्यली. गावातले म्हनतात मालकच नाईत तं पानी सोडून द्या. सोडू काय?"

बाबांना बोलता येत नव्हतं. शब्द डाव्या मेंदूत अडकले होते. मी फोन त्यांच्या कानाशी धरून त्याला पुन्हा विचारायला लावलं. बाबांनी डोळे मिटले. मला वाटलं, कळलं नाही. मग त्यांनी डावा हात उचलला आणि सावकाश, दोनदा, आडवा हलवला. नाही. मी सालगड्याला सांगितलं, नको सोडू. त्या दिवसापर्यंत डॉक्टर मला जे जे सांगत होते त्यात या हाताच्या हलण्याएवढं स्पष्ट काही नव्हतं. आत माणूस शाबूत होता, आणि दिवस मोजत होता.

दहाव्या दिवशी त्यांना माझ्या घरी आणलं. फिजिओथेरपीवाला मुलगा रोज यायचा, रबरी चेंडू दाबायला लावायचा. उजवा अंगठा हलला तो मे संपता संपता. शब्द त्याच्या आधी दोन आले होते, 'पानी' आणि 'नको', आणि बरेचदा एकाच्या जागी दुसरा. एका दुपारी मी त्यांना कॅस्पेझचं चित्र दाखवलं. रंगीत पट्ट्या फिरताना बघत राहिले. मी डार्पिनवर बोट ठेवून म्हटलं, "बाबा, हे त्याला थांबवून धरतं." ते बराच वेळ बघत होते. मग त्यांनी माझं बोट धरून बाजूला केलं, खाली काय आहे ते बघायला.

रोज संध्याकाळी सालगडी बागेचा व्हिडिओ पाठवायचा. बाबा तो डाव्या हातानं थांबवायचे, फांदी मोठी करून बघायचे, फोन परत द्यायचे. रोहिणी लागल्या होत्या. ताणाच्या बेचाळिसाव्या दिवशी आलेल्या व्हिडिओत त्यानं, कुणी न सांगता, एक पान दोन बोटांत धरून मागे वाकवलं. पान सुटलं. बाबांनी तेवढाच तुकडा तीनदा लावायला सांगितला, खुणेनं. मग माझ्याकडे बघून, तोंड वाकडं होत असतानाही एक एक अक्षर जागेवर बसवत, म्हणाले, "सोड."

मी लगेच फोन लावला. लाईन रात्री अकराला येईल, मोटर तेव्हा सुरू करतो, असं तो म्हणाला. आम्ही दोघं जागेच राहिलो.